दांडीची नावं

आमच्या कुंभवलीच्या चाळीतल्या बायका मोबाइलवरून गटाने तेल-तांदूळ मागवतात. माणसं जास्त तर भाव कमी. कोणी कुठल्या गटात बसायचं ते ठरवणारा प्रोग्राम समोरच्या खोलीतल्या माणसाने त्याच्या कंपनीसाठी लिहिलाय. तो नेहमी दबक्या आवाजात बोलतो, आणि बोलताना शर्टाचं वरचं बटण चाचपत राहतो.

"प्रोग्राम शेकडो गट पाडतो, ताई," त्याने एकदा सांगितलं. "चांगले ठेवतो, कमकुवत टाकतो. उरलेल्यांची सरमिसळ करून पुन्हा नवे पाडतो. पिढ्यान्‌पिढ्या चालल्यासारखं."

रविवारी दांडी गावची मासे विकणारी मावशी त्याच्या दारात आली. "आमचा गाव कुठल्याच गटात दिसत नाय. आमी काय केलं?"

त्याने लॅपटॉप उघडला. दांडी लांब, माल पोचवायचा खर्च जास्त, मागणी थोडी, म्हणून प्रोग्रामने अख्खं गाव गाळलं होतं. तसं प्रोग्रामला कोणी शिकवलं नव्हतं. त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला. मग त्याने स्वतःच दांडीची सगळी नावं आमच्या गटात घातली. असं हाताने बदलल्याचं ऑफिसात कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती.

मावशी गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "आता लांबच्या दांडीमुळे तुमचा गट कमकुवत झाला, ताई; प्रोग्राम कुंभवलीलाही गाळू शकतो. काढू का त्यांना?"

 मी म्हटलं, "राहू द्या."

तेव्हापासून रोज सकाळी डोळे उघडले की मी आधी मोबाइलवर गटांच्या यादीत कुंभवली शोधते. समोरच्या खोलीतून त्याचा हळू आवाज येतो, "आहे ना, ताई?"

अजून तरी आहे.