पेवातलं काळं

दुपारी जेवण आवरून शालन सोप्यातल्या कॉटवर जरा पाठ टेकते, तेव्हा झोपायचा तिचा मुळीच विचार नसतो. चहाच्या वेळेला परीक्षक यायचे आहेत. अंगण झाडायचंय, कपबशा काढायच्यात, ठकीच्या अंगाखालचं पोतं बदलायचंय. ठकी, घरची कुत्री, कोपऱ्यातल्या खोक्यात पिल्लं घेऊन पडली आहे आणि तिची म्हातारी आई सोनी उंबऱ्यावर घोरते आहे. डोळे न उघडलेली पिल्लं चुटुचुटु दूध ओढतात, वर पंखा कुरकुरतो, आणि ऐकता ऐकता यातला कुठला आवाज कुणाचा तेच शालनला कळेनासं होतं.

खोक्यात पिल्लं तीन आहेत. ठकीला झाली होती चार. चौथं शेजारी, पुतण्याच्या घरी, टोपलीखाली झाकून ठेवलंय. ते काळं आहे.

सकाळी तो पुतण्या, धैर्यशील, स्वतःच म्हणाला होता, "काकी, ह्ये काळं त्यास्नी दिसलं की काकांच्या सगळ्या कष्टावर पाणी पडतंय बघा. घटकाभराचा तर प्रश्न हाय. न्हेतो मी माज्याकडं." शालननं मान हलवली. हलवली खरी, पण तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नाही.

या कुत्र्यांपायी तिच्या नवऱ्यानं, हिंदुराव जगदाळ्यांनी, सगळा जन्म घालवला. कृष्णाकाठच्या या गावात हळद जमिनीखाली पेवात साठवतात. पेव म्हणजे रांजणासारखा खोल खड्डा, तोंड अरुंद आणि पोट ऐसपैस. घुशींनी त्याची भिंत पोखरली की पाणी शिरतं आणि हळद नासते. म्हणून हिंदुरावांच्या आजोबांनी, नदीवरचा पूल बांधून परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून त्याची टेरियर कुत्री मागून घेतली. टेरियर म्हणजे बिळात घुसून शिकार करणारं बुटकं, तापट कुत्रं. तिचीच पुढची अवलाद ही पेवकुत्री. अंग पांढरं, कान तांबूस, पाय आखूड, आणि एवढ्याशा देहाला न शोभणारा राग.

हिंदुरावांचं म्हणणं एकच, ही जात आहे. शहरातल्या श्वानमंडळाच्या एका प्रदर्शनात ते हौसेनं दोन कुत्री घेऊन गेले होते. तिथल्या परीक्षकांनी हसत हसत सांगितलं, "गोड आहेत हो, पण ही जात नव्हे. जात म्हणजे आजीसारखी आई आणि आईसारखी पिल्लं, दर खेपेला. नाहीतर ही नुसती बुटकी कुत्री." तो 'नुसती' शब्द हिंदुरावांच्या काळजात जो रुतला तो निघालाच नाही. तेव्हापासून जोडी जुळवताना ते इतका खल करायचे, की आपलं लग्न ठरवताना दोन्ही घरांनी मिळूनसुद्धा एवढा विचार केला नसेल असं शालनला वाटायचं. आता त्याच मंडळाची माणसं आजी, आई आणि पिल्लं एकत्र बघायला घरी येतायत. पसंत पडलं तर पेवकुत्र्याची जात म्हणून नोंद होणार. आणि हिंदुराव नाहीत. जाऊन दोन वर्षं झाली. अजूनही दिवसातून कितीदा तरी ती त्यांना हाक मारायला तोंड उघडते आणि तसंच मिटते.

"झोपलीस व्हय गं?"

कॉटच्या पायथ्याशी हिंदुराव बसले आहेत. अंगात बनियन, पाय गुडघ्यापर्यंत हळदीनं पिवळे. शालनला नवल वाटत नाही. बाजारातून यायला उशीर झालेलं माणूस दारात दिसल्यावर वाटतं, तसं फक्त हायसं वाटतं.

"कुटं हुता इतका येळ?"

"हितंच की. खाली."

"च्या टाकू?"

"नगं. चव कळत न्हाई आता. तू बस."

ती उठून बसते. बसते ती कॉटवर नाही, पेवाच्या तोंडाशी. सोपा नाही, भिंती नाहीत, सगळीकडे मळ्यातलं ऊन आहे. पंखा मात्र चिंचेच्या फांदीला टांगलेला आहे आणि तसाच कुरकुरतो आहे. पेवाचं झाकण बाजूला सरकवलेलं आहे आणि हिंदुराव आता खाली आहेत. त्यांचं टक्कल अंधारात अंधुक चमकतं. शालन पाय आत सोडते.

"आगं, थांब! पेव आत्ताच उघडलंय. आतली हवा जित्या माणसाला बरी न्हवं."

"आन् तुमास्नी?"

"मला काय हुतंय आता."

शालन पाय वर घेते, पण काठावरून हलत नाही. वाकून ती खाली बोलते. "अवो, आज ती माणसं येणार हायत. तुमच्या त्या मंडळाची. आन् ठकीला एक काळं झालंय. लपिवलंय आमी. बरं केलं का वाईट, तेवढं सांगा. मी कुणाला इचारू दुसऱ्या?"

खाली कसलीशी खुडबुड होते आणि पेवाच्या तोंडातून एक पिल्लू वर येतं. काळं, छातीवर पांढरा ठिपका. अंग झाडतं तशी हळद उडते. त्याच्यामागून दुसरं येतं. मग आणखी, आणि आणखी. सगळी काळी. चिंचेखाली त्यांचा नुसता गलका होतो, कुणी शालनचा पदर ओढतं, कुणी तिच्या चपलेवर तुटून पडतं.

"ही कुणाची म्हणायची?"

"आपलीच."

"आपल्याकडं काळं कवा झालं हुतं?"

"दर खेपंला. एखादं तरी."

हिंदुराव काठावर तिच्या शेजारी येऊन बसलेले आहेत, कधी ते तिला कळत नाही. शालनला आठवतं, कुत्री व्याली की हा माणूस पहिले काही दिवस तिला खोक्याजवळ फिरकू द्यायचा नाही. बाळंतिणीला दृष्ट लागते म्हणायचा. काय ही माया, असं वाटून ती बिचारी लांबूनच शिरा करून पाठवायची.

"डोळं उघडायच्या आत न्हेऊन द्यायचो," हिंदुराव सांगतात. "धनगराला दे, नावाड्याला दे. म्हटलं, येकदा ह्ये काळं बंद पाडलं की मग कोण नाव ठेवतंय बघतो. पर ते काय बंद पडंना."

"मला एका शब्दानं बोलला न्हाईसा."

"तू देऊ दिलं नसतंस."

ते खरं आहे. शालनला राग यायला हवा, पण येत नाही. त्यांचा खांदा तिच्या खांद्याला टेकला आहे आणि त्या खांद्याला हळदीचा आणि तंबाखूचा तोच जुना वास येतो आहे. हा खांदा हलू नये एवढंच तिला वाटतं.

समोर प्रदर्शनाचा मंडप आहे. लाल जाजम, खुर्च्यांच्या रांगा, मधोमध परीक्षकांचं टेबल. माणूस एकही नाही. टेबलावर तांबूस कानांची एक पांढरी कुत्री ऐटीत बसली आहे, आणि तिला खेटून एक काळाकभिन्न गावठी कुत्रा. त्याच्या गळ्यात धनगरांच्या कुत्र्यांना बांधतात तसा खिळ्यांचा पट्टा आहे.

"ती सायबाची," हिंदुराव म्हणतात. "एकटी आलेली. एकटीला पिल्लं हुत्यात व्हय गं? ह्यो धनगरांच्या तळावरचा काळ्या. आजोबा दोघांचं बी नाव घ्यायचं. मीच जगाला सायबाची तेवढी गोष्ट सांगत बसलो."

शालन त्यांच्याकडे वळते. "म्हंजी ही जात न्हाईच म्हणायची? सगळं फुकट ग्येलं म्हणा की तुमचं."

हिंदुराव हसतात. दोन वर्षांत ऐकलं नाही ते हसू ऐकून तिचे डोळे भरून येतात.

"उलटं हाय, खुळे. पांढरं नेमानं येतंय, तसं काळं बी नेमानं येतंय. त्येच पाय, त्येच तोंड, तीच खुन्नस. कुठलं बी सोड, शिकिवल्याबिगर बिळात मुंडी घालतंय. जे पिढ्यान्पिढ्या नेमानं येतंय ते जातीचंच. रंगाला काय करायचंय? मी निम्मी जात दारात ठिवली आन् निम्मी गावाबाहेर काढली. खाली ग्येल्यावर कळलं. बघितलं तर सगळी काळीच माज्याभवती. अंधारात दुसरी सोबत न्हाई मला."

एक पिल्लू ते मानगुटीला धरून उचलतात आणि शालनच्या मांडीवर ठेवतात. पिल्लू गरम आहे, त्याचं पोट धडधडतं आहे.

"ह्येचं दात बघ. वरचं खालच्यावर कात्रीगत बसत्यात का बघ. बोट घाल."

"चावंल की!"

"मला न्हाई चावत कुणी. तुला चावंल. तू जिती हैस."

शालन करंगळी पुढे करते. पिल्लू ती कचकन धरतं. झणझणीत कळ डोक्यापर्यंत जाते, आणि ती हात मागे घेत नाही. मंडप आता नाही, ऊनही नाही. ती दोघं पेवाच्या काठावर आहेत आणि हिंदुरावांचे पाय आत लोंबताहेत.

"मी येऊ का खाली?" ती विचारते. "खरंच करमत न्हाई वो. ताट वाढून घ्यावंसं वाटत न्हाई."

"हवा बरी न्हाई म्हटलं न्हवं."

"मग तुमी वर या."

हिंदुराव तिच्याकडे बघतात. एवढा वेळ चेष्टेत असलेला त्यांचा चेहरा उतरतो. "यावंसं लई वाटतंय गं," ते म्हणतात. "रोज वाटतंय."

ती त्यांचा हात धरायला जाते. हाताला पेवाच्या काठाची गार माती लागते, मग पोत्याचं खरखरीत सूत लागतं, मग कॉटची दोरी.

पंखा कुरकुरतो आहे. सोनी उंबऱ्यावर कूस बदलते. शालन कॉटवर आहे, उशी ओली झाली आहे, आणि करंगळी ठणकते आहे. ती बोट उजेडात धरते. पेराच्या दोन्ही बाजूंना सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं आहेत. एका भोकावर रक्ताचा थेंब आहे, अजून वाळलेला नाही.

ती खोक्याशी जाते. एकेक पिल्लू उचलून त्याचं तोंड उघडून बघते. गुलाबी, गुळगुळीत हिरड्या. दात यायला अजून अवकाश आहे. ठकी तिच्याकडे टकामका बघते. ठकीनं चावा घेतला असता तर निम्मं बोट गेलं असतं.

घरात काही कापलं, लागलं, की या गावात पहिल्यांदा हळद दाबतात. शालनचा हात सवयीनं फळीवरच्या डब्याकडे जातो आणि थांबतो. ती डबा उघडत नाही. हे इतक्यात बरं होऊ नये.

मग ती तशीच, पदर न सावरता, शेजारी जाते. टोपली उचलते. काळं पिल्लू हवेत तोंड फिरवत आई शोधतं आहे.

"काकी, अवो काय करतायसा?" धैर्यशील आतून धावत येतो. "गाडी वळली बघा वेशीतनं. आत्ताच कुटं न्हेता त्येला?"

"आयजवळ."

"काकांचं काय हुईल मग?"

"काकांनीच सांगितलंय," शालन म्हणते, आणि पिल्लू पदराखाली घेऊन घराकडे निघते.

परीक्षक मोठ्या अदबीचे गृहस्थ आहेत. चपला बाहेर काढून ते सोप्यात येतात, सोनीची पाठ चाचपतात, ठकीचे पाय बघतात, समाधानानं मान हलवतात. मग खोक्यावर वाकतात आणि वाकलेलेच राहतात. तीन पांढऱ्यांच्या मध्ये एक काळं, पोट तट्ट फुगेपर्यंत दूध पीत आहे.

"आणि हे?" ते विचारतात.

"ते बी आमचंच," शालन म्हणते. "दर खेपंला एक तरी हुतंय. बसा, सगळं सांगते."

ती त्यांना खुर्ची पुढे करते. बोट अजून ठणकतं आहे, आणि ते थांबेल की काय याची तिला भीती वाटते.