क्लचखालचं बटण

उंब्रजला हायवेलगत गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका वायरमनचं दुकान आहे. टेपचे तुकडे तो ओठांना चिकटवून ठेवतो, म्हणून बोलतो ते दातांतून, आणि तेही गाडीशीच जास्त.

माझ्या जुन्या पिकअपमध्ये ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन बसवलं, पण ते सुरूच होईना. त्यानं इंजिनाला ‘पाव्हणं’ करून टाकलं.

“पाव्हणं इचारत्यात, गाडी न्यूट्रलला हाय का? आन् तुमचा हातानं टाकायचा गियरबॉक्स पडला मुका, सांगणार कसा?”

त्यानं दोन वायरी जोडल्या. “सांगितलं, कायम न्यूट्रलच हाय.” इंजिन एका चावीत सुरू झालं. मी निघणार तोच त्यानं विचारलं, “घरी गाडी कशी लावता?”

“गियरमध्ये टाकून. उतारावर हँडब्रेकचा काय भरवसा?”

त्यानं जोडलेल्या वायरी तटकन तोडल्या. “मग पाव्हण्यास्नी खोटं सांगून भागायचं न्हाई. नुसती चावी फिरली तरी गाडी उडी मारंल.”

क्लच दाबल्याशिवाय चावी चालू नये म्हणून पेडलखाली बटण बसवण्यात त्यानं माझी अख्खी दुपार खाल्ली. मी दोनदा चिडलो. “बसा की वाईच,” एवढंच तो म्हणाला.

परवा मी पिकअपच्या पुढं वाकून नंबरप्लेट पुसत होतो. वडील घाईत आले आणि खिडकीतून हात घालून त्यांनी चावी फिरवली. गाडी गियरमध्येच होती. ती जागची हलली नाही.

“काय करून ठेवलंय रं त्या वायरमननं? सुरूच होईना!” वडील ओरडले.

मी उठलो आणि त्यांना क्लचखालचं बटण दाखवलं.