बाळूचं वॉकिंग डिस्टन्स

पंक्चरच्या दुकानात जुन्या ट्यूब साठतात. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. माझा भाचा बाळू याने माझ्या अर्ध्या दुकानात घरं भाड्याने लावून द्यायचा धंदा मांडला, तेव्हापासून माझ्याकडे किस्सेही तसेच साठलेत. कामशेतच्या बाजारपेठेत माझं सायकलचं दुकान आहे. अर्ध्या भागात मी, माझे पाने आणि पाण्याचं घमेलं. अर्ध्या भागात बाळू, एक काचेचं टेबल आणि फिरणारी खुर्ची. गिऱ्हाईक खुर्ची बघून आत येतं आणि खरं काय ते मला विचारतं.

मी चौथीपर्यंत शिकलो. खोटं बोलायला त्याहून जास्त शिक्षण लागतं, म्हणून मी गप्प बसतो.

०००

बाळूचा एक शब्द ठरलेला. वॉकिंग डिस्टन्स. शाळा वॉकिंग डिस्टन्स, दवाखाना वॉकिंग डिस्टन्स, स्टेशनचं तर विचारूच नका. घर डोंगरापलीकडे असलं तरी तो हात लांब करून दाखवतो, "ते काय, वॉकिंग डिस्टन्स."

तो स्वतः समोरच्या चहाच्या टपरीवरही स्कूटरने जातो. एकदा ती स्कूटर पंक्चर झाली. एक गिऱ्हाईक लोकलमधून उतरून स्टेशनवर त्याची वाट बघत होतं. माझ्या दुकानातून स्टेशनचे पत्रे दिसतात. बाळू खुर्चीत बसून फोनवर सांगत होता, "साहेब, पाचच मिनिटं. ट्रॅफिकमध्ये अडकलोय."

मी ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधत होतो. म्हणालो, "अरे, चालत जा की."

"आबा, एजंट चालत आला की इंप्रेशन जातं."

शेवटी गिऱ्हाईकच विचारत विचारत चालत आलं. दुकानात शिरताना म्हणालं, "जवळच आहे की हो."

बाळू म्हणाला, "मग? वॉकिंग डिस्टन्स."

०००

ते गिऱ्हाईक म्हणजे निलेश जाधव. लातूरकडचा मुलगा. नोकरीला वसईत होता, तिथलीच बायको केली. आता तळेगावच्या कारखान्यात लागला होता आणि बिऱ्हाड इकडे आणायचं होतं. पुढच्या खेपेला तो बायकोला आणि सासूला घेऊन आला. बायको अनिता, नर्स. सासू सेलिनाबाई, वसईच्या ख्रिस्ती. माझ्याच वयाच्या. हातात काठी, आणि समोरच्याकडे अशा बघायच्या की मासा ताजा आहे का शिळा ते ठरवतायत.

बाळूने विचारलं, "रिक्वायरमेंट काय आहे, सर?"

निलेशच्या आधी सेलिनाबाईच बोलल्या. "मी रोज माझ्या पायांनी बाजारात जाते. मासळी मी बघून घेते. नातीला शाळेत मी सोडते. इथं ते जमणार असेल तर येते. नाहीतर मी वसईला बरी."

"आणि आई आली नाही तर मी पण येणार नाही," अनिता म्हणाली. "माझी ड्यूटी असली की पोरीला कोण बघणार?"

निलेश खाली बघत होता. तो कारखान्याजवळ कॉट बेसिसवर राहायचा. डब्यातलं खाऊन खाऊन गालफडं बसली होती.

"भाडं झेपलं पाहिजे," तो म्हणाला. "आणि आमचं कुटुंब जरा मिक्स आहे. शेजारीपाजारी कोणी नाक मुरडायला नको."

बाळूने माझ्याकडे बघितलं. "आबा, वरच्या खोल्या..."

"दहाचा पाना दे," मी म्हणालो.

दुकानाच्या वर मी मुलासाठी दोन खोल्या बांधल्यात. मुलगा पुण्याला असतो. बाळू त्याला दादा म्हणतो. खोल्या बंद असतात. मी दुकानामागे झोपतो. सण आला की वर जाऊन झाडून काढतो. त्या भाड्याच्या नाहीत, हे बाळूला माहीत आहे.

०००

घरं बघायला बाळूने मित्राची गाडी मागून आणली. मीही गेलो. सेलिनाबाईंनी अटच घातली, "हे गप्प बसणारे गृहस्थ बरोबर पाहिजेत."

पहिलं घर हायवेच्या कडेच्या टाऊनशिपमध्ये. तिथली मुलगी हसतच आली. "मॅम, आमची थीमच वॉकेबल लिव्हिंग आहे." तिने तांबड्या रंगाचा एक गुळगुळीत रस्ता दाखवला. दोन्ही बाजूंनी फुलझाडं.

"हा बाजारात जातो?" सेलिनाबाईंनी विचारलं.

"नाही मॅम, हा आतल्या आतच आहे."

"मग जातो कुठं?"

"गोल फिरून परत इथंच येतो."

"म्हणजे घाण्याचा बैल."

संध्याकाळची वेळ होती. लोक इमारतीतून उतरत, गाडीत बसत, त्या तांबड्या रस्त्यापर्यंत येत, गाडी लावत आणि चालायला लागत. मी मुलीला विचारलं, "भाजी कुठं मिळते?"

"समोरच, सर. हायवेच्या पलीकडे."

"ओलांडायचा कसा?"

"पुढं यू-टर्न आहे ना, सर. कारने एकदम सोपं पडतं."

०००

दुसरं लोणावळ्यात. बंगल्याचा मालक मुंबईला, राखणदार इथला. बाजार जवळ, शाळा जवळ, चर्च दिसत होतं. अंगणात जांभूळ. भाडं इतकं कमी की मला संशय आला. सेलिनाबाई सगळ्या खोल्यांतून फिरल्या आणि ओट्यावरून हात फिरवून आल्या. निलेशचा चेहरा उजळला.

राखणदार म्हणाला, "फकस्त शनवार-रैवार घर खाली करावं लागंल."

"खाली म्हणजे?"

"पाव्हण्यांना देतो ना. शुक्करवारी सांजच्याला तुमी निघायचं, सोमवारी सकाळी यायचं."

"आणि आमचं सामान?"

"फ्रिज, टीव्ही राहू द्या. पाव्हण्यांना लागतोय."

"अहो, पण दर आठवड्याला दोन दिवस आम्ही जायचं कुठं?"

राखणदाराने मनापासून विचार केला. "फिरायला जावा की. फकस्त लोणावळ्याला नका येऊ. लय गर्दी असती."

परत येताना गाडीत निलेश हळूच म्हणाला, "तसं बघितलं तर पाच दिवस..."

अनिताने त्याच्याकडे बघितलं. तो वाक्य गिळून बसला.

०००

तिसरं तळेगावच्या एका सोसायटीत. चेअरमनने आम्हाला ऑफिसात बसवलं. जाधव आडनाव ऐकून तो खूश झाला. "वा, आपलेच." मग सासूचं नाव विचारलं. सेलिना ऐकल्यावर त्याने पंखा वाढवला.

"आमचं काही नाही हो," तो म्हणाला. "आमच्याकडे सगळ्या प्रकारचे लोक आहेत. पुण्याचे आहेत, नाशिकचे आहेत, साताऱ्याचे आहेत. मागच्या वर्षी एक सोलापूरचेही आले. फक्त मासळीचा वास कमिटीला चालत नाही."

सेलिनाबाई उठल्या. जिन्याजवळ थांबल्या आणि मान वर करून नाक ओढलं. "दुसऱ्या मजल्यावर वांग्यात सोडे घातलेत," त्या म्हणाल्या. "सुके आहेत, पण चांगले आहेत. कोण राहतं तिथं?"

वॉचमन आभाळाकडे बघायला लागला. चेअरमन म्हणाला, "मिसेसचं माहेर अलिबागचं आहे."

०००

चौथं पवनेच्या बाजूला, रामभाऊच्या गावात. रामभाऊ माझ्या ओळखीचा. त्याचा बाप तांदळाची पाटी डोक्यावर घेऊन चालत कामशेतला यायचा. रामभाऊने रस्त्याकडेची जमीन बंगलेवाल्यांना विकली आणि उरलेल्या तुकड्यात भाड्याच्या खोल्या काढल्या.

"भाडं द्या काय द्यायचं ते," तो म्हणाला. "जातपात आमी बघत न्हाई. मासं खावा, मटान खावा."

सगळ्यांना बरं वाटलं. सेलिनाबाईंनी विचारलं, "बाजार किती लांब?"

"गाडीनं ह्ये आलंच कामशेत."

"मी चालत जाईन. येताना रिक्षा करीन."

रामभाऊने मला बाजूला घेतलं. "आबा, ह्यांच्याकडं गाडी न्हाई व्हय?"

"नाही."

"मग नको राव. माझ्या पोराचं लगीन जमवायचंय. आमच्या दारातनं कोन पायी बाजाराला जाताना दिसलं, तर सोयरं म्हनतील, ह्यांची परिस्थिती बसली."

आम्ही निघालो. गोठ्यापासून फाटकापर्यंत निरोप द्यायला रामभाऊ जीपने आला.

०००

मग ठरलं. निलेशने कॉटवर राहायचं, बाकीच्यांनी वसईला. तसं कोणी मोठ्याने बोललं नाही. अनिता दुकानात बाकावर बसून, वसईला शेजाऱ्यांकडे ठेवलेल्या पोरीला फोन करत होती. "बाबा रविवारी येतील हं," असं तिने सांगितलं आणि निलेश उठून बाहेर जाऊन उभा राहिला. बाळू गाडी धुवायला घेऊन गेला होता. लोकलला वेळ होता.

"पाय मोकळे करून येते," म्हणून सेलिनाबाई काठी घेऊन पेठेत गेल्या.

बऱ्याच वेळाने आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत ताजे पाव, ठाकरवाडीच्या बाईकडची करटुली आणि कागदात बांधलेले सुके बोंबील. बाकावर बसल्या आणि लेकीला सांगायला लागल्या.

"बेकरीवाल्या रशीदभाईंची बहीण आपल्या वसईत दिलीय. किराणावाला मारवाडी, त्याच्या आईचे गुडघे माझ्यासारखेच. शाळा देवळाच्या मागं. ओली मासळी सकाळी येते, पण लवकर जायला हवं. कोणी मला आडनाव विचारलं नाही. काठी बघून दोघांनी बसायला स्टूल दिलं."

"पण इथं घर कुठं आहे, आई?"

"आहे. तीन जणांनी सांगितलं. वर आहे." त्यांनी काठीने छताकडे दाखवलं. "पण मालकाला विचारायची कोणाची छाती नाही, म्हणतात."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"आडनाव काय तुमचं?"

या पेठेत माझा जन्म गेला. मला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं.

"खाता काय?"

"खानावळीचा डबा."

"मासळी चालते?"

"बायको होती तेव्हा चालायची."

"शनिवार-रविवार वर कोण येतं?"

मी पाना पुसत होतो. पुसून झाला होता तरी पुसत होतो.

"कोणी नाही."

"सणाला?"

"मी झाडून ठेवतो."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. ताजा का शिळा ते ठरवतात तसं.

"चालेल," त्या म्हणाल्या आणि बोंबलांचा पुडा बाळूच्या काचेच्या टेबलावर ठेवला.

मी खिळ्यावरची किल्ली काढली आणि पुड्याशेजारी ठेवली. अनिता फोन हातात घेऊन बाकावरून उठली. निलेश दारातून आत आला.

त्याच्यामागोमाग बाळू आला. त्याने आधी बोंबील बघितले, मग किल्ली बघितली. मला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात म्हणाला, "आबा, अन् उद्या दादा आला तर?"

मी विचारलं, "बाळू, पुणं इथून किती लांब?"

बाळूने सवयीने हात लांब केला. मग तसाच खाली घेतला.