मागच्या आसावरचे भावोजी

मेहुण्याच्या ब्रेक-गॅरेजात भावोजींचे काम एकच होते: गाडीच्या मागच्या भागात बसणे.

ब्रेक दाबला की गाडी पुढे झुकते आणि मागची बाजू हलकी होते. अशा वेळी मागच्या चाकांना तेलाचा पूर्ण दाब मिळाला, तर ती जखडतात आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून मागच्या आसाजवळ एक व्हॉल्व्ह असतो. गाडी भरलेली असेल तर तो मागे जास्त दाब सोडतो, रिकामी असेल तर रोखतो. भरलेली म्हणजे किती, हे त्याला ठरवून देण्यासाठी मागे नेमके ओझे ठेवावे लागते. गॅरेजातली वाळूची पोती उंदरांनी फोडली, त्या दिवसापासून तिथे भावोजी बसू लागले.

याआधी त्यांनी विमा विकून पाहिला, शिकवण्या घेऊन पाहिल्या; कुठेच जम बसला नाही. इथे मात्र गिऱ्हाईक अदबीने विचारी, "भावोजी बसवूनच सेटिंग केलंय ना?" काम संपेपर्यंत ते पाण्याचा घोटही घेत नसत. माप बिघडेल, म्हणत.

मग डॉक्टरांनी साखर काढली आणि बायकोने उकडलेल्या भाज्या. भावोजी वजनाने उतरू लागले. जागा जाईल या धास्तीने त्यांनी भर उन्हाळ्यात अंगावर दोन स्वेटर चढवले. पण डोळा फसला तरी व्हॉल्व्ह फसत नाही.

एके दिवशी पावाची गाडी परत आली. चालक म्हणाला, "ब्रेक झकास लागतात हो. फक्त चौकात थांबलो की गाडी बेकरीकडे तोंड करून उभी राहते!"

मेहुण्याने तेल पाहिले, नळ्या पाहिल्या, व्हॉल्व्ह पाहिला. शेवटी कपाळाला हात लावून तो म्हणाला, "सगळं तपासलं. राहिलात ते तुम्ही. स्वेटर काढा."

भावोजींनी मान खाली घालून स्वेटर काढले. आत निम्मेच भावोजी होते. हलक्या माणसाला भरलेली गाडी समजून व्हॉल्व्ह मागे भरमसाट दाब सोडत होता.

डबा घेऊन आलेली बायको भावावर उखडली. "त्यांची साखर उतरली याचं काहीच नाही का रे तुला?"

"ताई, आनंदच आहे. पण मी आता माप कुठून आणू?"

"हे ब्रेकचे जुने लोखंडी ड्रम पडलेत ना? ठेव की मागे. यांना कशाला छळतोस?"

भावोजी स्वेटर मांडीवर घेऊन भिंतीशी जाऊन बसले. मेहुण्याने वजन करून ब्रेकचे ड्रम मागे रचले आणि तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. त्याने आसाला धक्का देताच वरचा ड्रम घरंगळला, गाडीच्या मागच्या दारातून बाहेर पडला आणि थेट जमिनीवर ठेवलेल्या डब्यावर आदळला. उकडलेला दुधी चहूकडे उडाला.

भावोजी उठले, गाडीत चढले आणि नेहमीच्या जागी बसले. "धरायला माणूस लागतो," ते गंभीरपणे म्हणाले. "दे इकडे. माझ्या जुन्या वजनाला जेवढे कमी पडतात तेवढेच दे."

मेहुण्याने पहिला ड्रम त्यांच्या मांडीवर ठेवला.