सात रंगांचा माऊस अन् माही बदली

ही गोष्ट मी कोनालेच सांगनार नव्हतो. पन चहा तुमी पाजून राहिले, वरून आलूबोंडाबी सांगितला, तं माणूस किती दिवस पोटात ठेवीन? फक्त एक करा, हसाचं ते शेवटी हसा. मधात कोनी हसलं का मले पुढचं आठवत नाई.

तं मी अमरावतीचा. घर अमरावतीले, बायको अमरावतीले, नोकरी अकोल्याले. सात वर्षं झाले, रोज बडनेऱ्याहून गाडी धरतो अन् संध्याकाळी तीच वाट उलटी करतो. ऑफिस कोनतं ते विचारू नका, माही पेन्शन बाकी हाय. बियाण्याच्या फायली असतात, एवढं समजून घ्या.

सात वर्षांत मी देवाजवळ एकच गोष्ट मागितली. अमरावतीले बदली व्हावी अन् साडेपाचचा चहा घरी बसून, बायकोसंगं प्यावा. बायको म्हंजे कल्पना, शाळेत मास्तरीन हाय. ती म्हने, "तुमाले मी अंधारातच पाह्यते. उजेडात भेटले तं वळखू येईन का नाई, सांगता येत नाई."

आता यात माऊस कुठून आला? सांगतो.

घरी गेलं का जेवनाआधी एक तास मी लॅपटॉपवर कार पळवतो. शर्यतीचा गेम. वय विचारू नका. तेवढाच एक तास माहा असते. पन माऊस होता साधा, वळन आलं का गाडी सरळ शेतात. अन् ऑफिसातला माऊस तं त्याहून थोर. फाईल एकदा दाबली का दोनदा उघडे, दोनदा दाबली का उघडतच नसे. मी म्हनलं, दोन दोन दुःखं कायले? बिनतारी, गेमचा, असा एकच चांगला माऊस घेऊ. दिवसा ऑफिस, संध्याकाळी शर्यत.

बाप्पा, मंग जो अभ्यास सुरू केला! दोन महिने. जाता गाडीत व्हिडिओ, येता गाडीत व्हिडिओ. साठ ग्रामचा घ्यावा का ऐंशी ग्रामचा. बॅटरी किती दिवस पुरते. बाजूले बटनं दोन पायजेत का पाच. गेमले क्लिक कडक पायजे, अन् ऑफिसात आवाज नाई पायजे, कारन आमच्या सायेबाच्या केबिनले प्लायवूडची भिंत हाय. इकडं कोनी शिंकलं का तिकडून सायेब "जगा" म्हनते.

कल्पना एक दिवस म्हने, "अवो, मले पाहाले आले तवा दहा मिंटात हो म्हनले होते तुमी. अन् माऊसले दोन महिने?"

मी म्हनलं, "तवा रिव्ह्यू वाचाची सोय नव्हती."

त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

शेवटी गेलो दुकानात. दुकानदारानं आठ डबे काढले. मी एकेक माऊस कानाशी नेऊन क्लिक आयकला, टरबूज ठोकून पाह्यतात तसा. तो बिचारा थकून म्हने, "भाऊ, गेम खेळाचा हाय का ऑफिस कराचं?"

"दोन्ही."

"दोन्ही म्हनलं का एकबी धड होत नाई, भाऊ."

पन मी आयकतो काय? दोन महिन्यांचा अभ्यास होता माहा.

घेतला. काय माऊस होता! आतून सात रंगांचा लाइट. मधात चाक, त्याचं एक बटन दाबलं का चाक मोकळं सुटे अन् भोवऱ्यावानी गरगर फिरे. घरी तो लॅपटॉपले थेट जुडे, काई लावा लागत नसे. ऑफिसचं कॉम्प्युटर जुनं, त्याले थेट जमत नाई, म्हनून एक चिमुकली पिन दिली होती, करंगळीच्या नखाएवढी. ती सीपीयूच्या मांगं खुपसाची. ही पिन ध्यानात ठेवा. मी नाई ठेवली.

आठ दिवस मी ऑफिसात तो माऊस असा मिरवला का जसा मीच बनवला. येनाऱ्या-जानाऱ्याले बोलावून चाक फिरवून दाखवलं. लोक मले कॉम्प्युटरमधला जानकार समजू लागले. मीबी त्यायले थांबवलं नाई.

अन् आली खंडेनवमी.

त्याच दिवशी विनंती बदलीच्या ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख. फॉर्म सायेबानंच भराचा, त्यातल्या यादीतून गाव निवडाचं अन् पाठवाचं. सायेब मानसानं चांगले. म्हनले, "वानखडे, पूजा आटोपू दे, मंग सगळ्यात पहिले तुहाच फॉर्म पाठवतो." मी सकाळीच कल्पनाले सांगून आलो होतो का यंदा दसऱ्याले आपट्याचं पान नाई, बदलीचंच सोनं देतो.

आमच्या ऑफिसात खंडेनवमीची पूजा रामभाऊच्या हातात. रामभाऊ आमचे शिपाई, पुढच्या साली रिटायर होतात. त्यायची पूजा म्हंजे अर्धी पूजा नाई. सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा, पिना काढाच्या, ओल्या फडक्यानं सगळं पुसाचं, अन् एका टेबलावर मांडाचं. शिक्के, पंचिंग मशीन, स्टेपलर, कीबोर्ड, सगळ्यायले हळद-कुंकू. माहा माऊस मधोमध ठेवला, लाइट लागते म्हनून. सीपीयूंले झेंडूचे हार. झेंडू माह्या सासऱ्याचा, तिवश्याकडं वावर हाय त्यायचं. पोतं मीच गाडीत मांडीवर घेऊन आलो होतो. हार असे जाड का सीपीयू नवरदेवासारखे झाकून गेले.

रामभाऊनं सगळ्यायले बजावलं, "दसरा झाल्याबिगर हाराले कोनी हात लावाचा नाई. मशीन रुसते."

मंग त्यायनंच सगळं परत जोडलं. मी इचारलं, "रामभाऊ, लावलं ना सगळं?"

"लावलं. एक वस्तू उरली नाई."

खरं होतं ते. उरली नव्हतीच. कुठं लावली, हे मी विचारलं नाई.

खुर्चीत बसलो. माऊस हलवला. पडद्यावरचा बाण जागचा हलेना. पुन्हा हलवला, काई नाई. आता आठ दिवस ज्याची तारीफ केली, तो बंद पडला म्हनून कोनाले सांगू? सीपीयूच्या मांगं पाहाव तं हार. हाराले हात लावाव तं रामभाऊ. म्हनून मी गुपचूप माऊस घासू लागलो. डावीकडं, उजवीकडं, क्लिकवर क्लिक, चाक गरगर.

तेवढ्यात केबिनमधून आवाज आला, "अरे, हे काय होऊन राह्यलं? रामभाऊ, इकडं ये!"

मी माऊस सोडून धावत गेलो. सायेब पडद्याकडं बोट दाखवून राह्यले. "बाण आपल्या मनानं पळत होता. माह्या चार फायली उघडल्या अन् दोन मिटवल्या."

मी पाह्यलं तं बाण शांत. "सायेब, आता तं काई नाई."

परत जाग्यावर आलो. माऊस घासला.

"आलं, पुन्हा आलं!"

असं तीनदा झालं. मी गेलो का थांबे, मी आलो का सुरू होये. तुमी म्हनसान, मानसाले एवढंबी समजू नये? नाई समजलं. तुमी त्या खुर्चीत नव्हते ना.

सायेब म्हनले, "वानखडे, तू आला का हे थांबते. तुह्या पायगुणात काई तरी हाय. तुले यातलं समजते. काय असन हे?"

झालं. असं कोनी विचारलं का माही छाती फुगते. दोन महिन्यांच्या व्हिडिओत जेवढे शब्द आयकले होते, त्यातला सगळ्यात भारी काढला. आवाज जड करून म्हनलं, "सायेब, हे हॅकिंग हाय. बाहेरून कोनी तरी तुमचं मशीन चालवून राह्यलं."

सायेब पांढरे पडले. "लिहून दे."

दिलं लिहून. 'अज्ञात व्यक्ती कार्यालयाचा संगणक हाताळत असून, तिचा तात्काळ शोध घेऊन तिच्यावर कठोर कारवाई व्हावी.' खाली माही सही. वरून शिक्का. शिक्क्याची नुकतीच पूजा झालेली, असा ठळक उठला का काय सांगू.

चारच्या सुमाराले सायेब आतून म्हनले, "हॅकर शांत हाय तोवर तुहं काम करून टाकतो." मी माह्या जाग्यावर, जीव मुठीत धरून. हात आपला सवयीनं माऊसवर. प्लायवूडच्या पलीकडून आवाज आला, "वानखडे, निवडलं बरं अमरावती."

सात वर्षं, भाऊ. सात वर्षं या वाक्याची वाट पाह्यली होती मी. मले इतका आनंद झाला का काय कराव समजेना. नाचता तं येत नाई ऑफिसात. बोटाखाली चाक होतं, तेच दिलं फिरवून. फिरलं मस्त, थांबेपर्यंत. आत सायेब चष्मा पुसून राह्यले होते. पुसला, डोळ्याले लावला अन् बटन दाबलं.

"गेलं रे."

माह्या फोनवर मॅसेज आला, आपला अर्ज स्वीकारण्यात आला आहे. मी तेवढंच वाचलं. संध्याकाळी स्टेशनवर उतरलो ते पेढे घेऊनच. दसऱ्याले कल्पनाले "घे, बदलीचं सोनं" म्हनलं तं तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून दोन नवे कप आनले, बशीसकट. म्हने, "हे साडेपाचच्या चहाचे. तोवर कोनी वापराचे नाई." कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिले.

इकडं ऑफिसात मी जुना माऊस लावून घेतला. नवा घरी झकास चाले, म्हनून मी समजलो का ऑफिसचं मशीनच म्हातारं झालं. तरी नवा रोज न्याचा, आनाचा अन् टेबलावर लाइट लावून ठेवाचा. शोभेले.

आठ दिवसांनी आदेश आला. सायेबानं सगळ्यायले बोलावलं अन् वाचाले घेतला. 'श्री. वानखडे यांची, त्यांच्या विनंतीनुसार, अकोला येथून अकोला येथे बदली करण्यात येत आहे.'

सायेबानं कागद उलटा करून पाह्यला, मांगं काई लिहिलं असन म्हनून. मंग म्हनले, "मी माह्या डोळ्यानं अमरावती निवडलं होतं. हे त्या हॅकरचं काम हाय." अन् माहा रिपोर्ट जोडून वर पाठवला.

वरून संगनक शाखेच्या मॅडम आल्या. दोन वेण्या घालनारी पोरगी, पन नजर पोलिसाची. हार तवा निघाले होते. तिनं सायेबाच्या सीपीयूच्या मांगं हात घातला अन् चिमटीत ती पिन काढली. "ही कोनाची?"

रामभाऊ म्हने, "सायेबाचीच. पूजेच्या टेबलावर पडली होती. एवढीशी अन् मोलाची वस्तू सायेबाबिगर कोनाची असन? मी सायेबालेच लावली."

मॅडमनं पिन परत लावली. म्हने, "तुमचा हॅकर लय दूरचा नाई. ज्याच्या माऊसची ही पिन हाय, तो दहा मीटरच्या आत बसते."

सगळ्यायच्या माना वळल्या. माह्या टेबलावर माऊस सात रंगांत चमकून राह्यला होता.

"काका, जरा हलवता का?" मॅडम म्हने.

मी एका बोटानं हलवला. केबिनमधून सायेब वरडले, "आला, हॅकर आला!"

मंग तिनं समजावलं का यादीवर गाव निवडलेलं असलं अन् चाक फिरवलं तं गाव बदलत जाते. अन् जोरात फिरवलं का थेट पहिल्या नावावर जाते. पहिलं नाव अकोला. म्हंजे सात वर्षं मागितलेली बदली मीच माह्या बोटानं, आनंदानं, परत अकोल्याले आनली.

सायेब बाहेर आले. हातात माहा रिपोर्ट. सगळ्यायपुढं मोठ्यानं वाचला, अन् 'कठोर कारवाई'वर येऊन थांबले. "बोल वानखडे, कोनावर करू?"

मी खाली पाह्यलं. आता तुमी हसू शकता, तवा तं सगळं ऑफिस हसत होतं. रामभाऊ तं भिंतीले टेकून.

पन आदेश म्हंजे आदेश, पाळाच लागते. सकाळी मले अकोला ऑफिसातून निरोप देला, नारळ अन् टॉवेल. जेवनाची सुट्टी झाली अन् त्याच ऑफिसात माहं स्वागत केलं. नारळ रामभाऊनं निरोपानंतर मागून घेतला होता, तोच पुन्हा देला. वरून नियम असा का विनंती बदली झाली का पुढचे तीन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाई. सायेब बिचारे म्हनले, "मी वर लिहून पाहातो." पाहू.

घरी येऊन कल्पनाले सगळं सांगितलं. तिनं पहिले वरच्या फळीवरच्या कपांकडं पाह्यलं. मले लय वाईट वाटलं, खरंच. मंग तिच्या तोंडातून एकदम हसू फुटलं, इतकं का खाली बसली. हसता हसता म्हने, "माऊस आना इकडं. तुमच्या हातात ठेवला तं पुढची बदली गडचिरोलीले करसान."

देला काढून. करता काय?

आता रोज साडेपाचले मी मूर्तिजापूरच्या आसपास गाडीत असतो, अन् माह्या फोनवर कल्पनाकडून फोटो येते. नवा कप, त्यात वाफेचा चहा, बाजूले सात रंगांचा माऊस, अन् पडद्यावर माही कार माह्याच रेकॉर्डच्या पुढं. अर्ज मी केले, पेढे मी वाटले, अन् अकोल्याहून अमरावतीले बदली झाली ती माऊसची.