अर्धवाहक

माझे वडील कर्जत आगारात एसटीचे वाहक होते. मी सेमीकंडक्टरवर पीएचडी केली आणि त्याला मराठीत अर्धवाहक म्हणतात, हे घरी सांगण्याची चूकही केली. वडील म्हणाले, "एवढं शिकून अर्धाच झालास रं?" पुढच्या पौर्णिमेला आमच्या पोशीर गावच्या विहारात वंदना आटोपल्यावर ही बातमी सगळ्या आळीला कळली. तेव्हापासून गावात मला कुणी डॉक्टर म्हणत नाही.

चौक गावाजवळच्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रिकल शिकवतो. तिथल्या तळमजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत माझं यंत्र आहे: हवा खेचणारा पंप, एक भट्टी आणि भंगारबाजारातून उचलून आणलेले मीटर. काचेच्या तुकड्यावर पातळ थर चढवायचा आणि त्यातून वीज कधी वाहते, कधी अडते ते बघत बसायचं. हे सगळं जुळवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हलवलं की ते पुन्हा जुळणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा विज्ञानावर फार जीव. टीव्हीवर चिपच्या कारखान्यांच्या बातम्या यायला लागल्या तसं त्यांनी मला बोलावलं, देशाला तुमची गरज आहे म्हणाले, चहा पाजला आणि खोली मागितली. "संशोधन करा हो, पण तिथे गर्दी दिसत नाही. पोरं दिसली पाहिजेत. नाहीतर प्रवेशाची चौकशी-खिडकी तिथे हलवू."

निदान दारावर पाटी तरी लावू, असं मी सुचवलं. पाटी मराठीतच हवी हा त्यांचा आग्रह. मी 'अर्धवाहक संशोधन केंद्र' लिहून दिलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं. "आपल्या संस्थेत अर्धवट काही नको," म्हणाले आणि 'अर्ध' स्वतःच्या हाताने खोडलं.

'वाहक संशोधन केंद्र' अशी पाटी लागली आणि आठवडाभरात व्हरांडा भरला. कर्जत, खालापूर, पार डोंगराखालच्या वाड्यांवरून पोरंपोरी फायली घेऊन यायला लागली. "सर, एसटीची भरती इथंच हाय ना? वाहकाचा बिल्ला इथंच भेटतो?" मी त्यांना इलेक्ट्रॉन समजावून पाहिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्ये परीक्षेला हाय का?"

अध्यक्षांनी वरच्या मजल्यावरून ती गर्दी पाहिली आणि ते धन्य झाले. त्यांनी शाल घालून माझा सत्कार केला आणि त्याच खोलीत वाहक प्रशिक्षण वर्ग जाहीर केला. यंत्र गोदामात जाणार होतं. शिकवायला अनुभवी माणूस हवा, म्हणून शोधाशोध झाली आणि सापडले ते माझे वडील. मला राग आला, हसू आलं आणि खरं सांगायचं तर रडूही आलं.

वडील कडक इस्त्रीचा खाकी सदरा घालून हजर झाले. अध्यक्षांनी त्यांना खोली दाखवली. "ही अडगळ उद्या उचलतो."

वडिलांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. "ह्ये काय हाय रं?"

"माझं काम. अर्धवाहकाचं," मी म्हणालो.

ते अध्यक्षांकडे वळले. "मंग ह्ये हलायचं नाय, सायेब. हलवायचं आसंल तर दुसरा वाहक बगा."

"अहो, पण दोघांना जागा कुठे पुरणार?"

"एसटीत कवा जागा व्हती?" वडील म्हणाले. "तरी कुणाला खाली ठेवलं नाय आमी."

वडिलांनी वर्गासाठी आलेली बाकं भिंतीकडे ओढायला घेतली. मी दारातच उभा होतो. त्यांनी वळूनही न बघता सांगितलं, "दारात थांबू नको रं. आत ये, पुढं सरक."

मी पुढे सरकलो.