नवमीची सवाष्ण

आईने मला लहानपणी कधी मारलं नाही. धाकट्या भावाने लाटण्यापासून चपलेपर्यंत सगळ्याचा मार खाल्ला, पण मी शेजारच्यांची काच फोडली तेव्हासुद्धा आई नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुला लागलं तर नाही ना?" माझा स्वभाव तेव्हाही तापट होता, आणि भांडायला समोर कोणी उभंच राहत नाही याचा मला भयंकर राग यायचा. भाऊ म्हणायचा, तू लाडकी आहेस. मला तो लाड वाटायचा नाही. शेजारणीकडून मागून आणलेली काचेची भांडी आपण जपून हाताळतो, तशी ती मला हाताळायची.

हे सगळं नव्याने आठवलं ते इथे परदेशात, न्यू लिन या उपनगरातल्या आमच्या घरी, शनिवारी सकाळी लॅपटॉपवर भरणाऱ्या एका वर्गामुळे.

माझ्या मुलीला शाळेत पेपेहा म्हणायचा होता. माझा डोंगर हा, माझी नदी ही, माझी माणसं ही, अशी इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या पद्धतीची स्वतःची ओळख. डोंगर आणि नदी मी झटकन दिली. माणसांपाशी अडले. "आई, दॅट्स ऑल? जस्ट आजी-आजोबा?" असं ती म्हणाली आणि मला ते लागलं. त्याच आठवड्यात मी कुटुंबाचा इतिहास कसा शोधावा हे शिकवणाऱ्या एका ऑनलाइन वर्गाला नाव घातलं. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं रोजचं काम आहे. पूर्वज शोधणं त्याहून अवघड नसेल असं वाटलं.

शिक्षिका दक्षिण बेटावरच्या एका लहान गावातून शिकवायच्या. निवृत्त बाई, मांडीवर कायम विणकाम. किया ओरा, म्हणजे माओरीतला नमस्कार, म्हणून सुरुवात झाली की सगळ्यांच्या चौकटी उघडायच्या. कोणाचे पणजोबा स्कॉटलंडहून कुठल्या जहाजाने आले, कोणाच्या पणजीचं लग्न कुठल्या चर्चमध्ये लागलं, सगळ्यांकडे सगळं सापडत होतं. मी धुमसत बसायची. आमच्याकडे बाईचं माहेरचं नाव लग्नात पुसून टाकतात, शोधा म्हणावं आता. एकदा हे मी बोलूनही दाखवलं. बाईंनी विणकाम खाली ठेवलं.

"मग कागद सोडा," त्या म्हणाल्या. "घराच्या सवयी बघा. दरवर्षी घरात काय व्हायचं, ते कधी थांबलं, आणि ते थांबलं त्या सुमारास घरातून कोण गेलं, एवढंच लिहा."

मी लिहायला घेतली ती नवमी.

आमच्याकडे पितृपक्षात अविधवा नवमी व्हायची. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला बोलावतात, तिची ओटी भरतात. तिच्या रूपाने ती गेलेलीच येऊन जेवते असं मानतात. मला लहानपणी त्या दिवसाची भीती वाटायची. सवाष्ण म्हणून यायची ती आमच्याच जिन्याखाली राहणारी मावशी, एरवी मला चिंचा देणारी. पण त्या दिवशी पाटावर बसली की आई तिच्याशी वेगळंच बोलायची. एरवी अगं-तुगं, त्या दिवशी अहो-जाहो. ताटात भोपळ्याचे घारगे असायचेच. माझ्याशिवाय घरात ते कोणालाच आवडत नसत. वाढायला आई मलाच उभी करायची, भावाला कधीच नाही. जेवण संपलं की ती पाटासमोर वाकून हळूच विचारायची, "पोट भरलं ना तुमचं? काही राहिलं नाही ना?" तिचा आवाज थरथरायचा. मावशी ठरल्याप्रमाणे हसून काही नाही म्हणायची, पण आईचं समाधान झालेलं कधी दिसलं नाही. त्या दुपारी मला सारखं वाटायचं की माझ्या पाठीमागे कोणीतरी उभं आहे.

आणखी एक गोष्ट होती. मला ताप आला की आई देवघरासमोर उभी राहून पुटपुटायची, "मी हयगय नाही केली हो." मला वाटायचं, देवीला सांगते आहे.

एवढं लिहून झाल्यावर बाईंचा दुसरा प्रश्न आला. हे कधी थांबलं? मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा. तेव्हा आईला विचारलं होतं, तर ती एवढंच म्हणाली होती, "संपलं आता ते." त्या सुमारास कोण गेलं? मी टाइप केलं, माझे बाबा.

आणि माझे हात थांबले.

वर्गातल्या दुसऱ्या कोणाला त्या दोन ओळींतून काही कळलं नसतं. पण आमच्याकडच्या कुठल्याही बाईला कळलं असतं. ज्या बाईसाठी नवमी करतात तिचा नवरा असेपर्यंतच ती करतात. तो गेला की थांबवतात. मी इतकी वर्षं धरून चालले होते की ती नवमी आमच्या कुठल्यातरी पणजीची असेल. बाबांची आई तर विधवा होती आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून तांदूळ निवडायची, म्हणजे तिची नव्हतीच. जिची होती तिचा नवरा माझे बाबा होते.

बाबांना आईच्या आधी एक बायको होती.

लॅपटॉपवरच्या माझ्या लहानशा चौकटीत, माझ्या खुर्चीमागून, स्वेटर घातलेली आई हळूहळू चालत गेली. बाबा गेल्यानंतर बरीच वर्षं ती पुण्यात एकटी राहिली आणि आता आमच्याकडे असते. "चहा टाकू का गं?" तिने विचारलं. मी कॅमेरा बंद केला. मला तिच्याकडे बघण्याचं धैर्य झालं नाही.

बाकीचं कोडं सुटायला त्या चहाइतकासुद्धा वेळ लागला नाही. भावाच्या बारशाचे फोटो आहेत, माझ्या बारशाचा एकही नाही. तेव्हा कॅमेरा नव्हता, असं सांगायचे. वाढायला मीच का, घारगे मलाच का आवडतात, मला कधी बोट का लावलं नाही. ती मला जपत नव्हती, कोणालातरी हिशेब देत होती. मी जन्मभर आई म्हटलं ती बाई मला वाढवताना सतत मान वळवून मागे बघत होती, आणि मला जन्म दिलेली बाई दर भाद्रपदात येऊन आमच्या पाटावर जेवून जात होती. मी तिला वाढलं होतं. घारग्यावर तूप घातलं होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. घरात कुठेही एकटी असले की पाठ गार पडायची. वॉशिंग मशीनमधले कपडे काढताना कोणीतरी दारात उभं आहे असं वाटायचं आणि बघावं तर आईच असायची, चिमट्यांची टोपली घेऊन. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, विचारून टाक, एवढं काय. त्याला काय जातंय. उद्या मी विचारलं आणि ती म्हणाली की हो, तू माझी नाहीस, तर मग मी कोणाची? मला गेलेल्या आईपेक्षा असलेल्या आईची धास्ती होती.

वर्गात पुढचा विषय नेमका घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलतं कसं करावं हा निघाला. बाई म्हणाल्या, सरळ प्रश्नाला म्हातारी माणसं दार लावून घेतात, त्यांना खाण्यापिण्याचं विचारा. मग मी पुकेकोहे गावाकडच्या शेतातून येणारा राखाडी सालीचा भोपळा आणला आणि ओट्यावर आईसमोर ठेवला.

"यंदा नवमी करूया का?" मी म्हटलं.

आई भोपळ्याकडे बघत राहिली. बाहेर वसंताचा पाऊस पडत होता. इथे ऋतू उलटे, पितरं वसंतात येतात.

"नवरा गेल्यावर करत नाहीत," ती म्हणाली. मग सालावरून हात फिरवत म्हणाली, "पण लेकीने केली तर कोण नको म्हणणार आहे?"

मी किसणी काढून तिच्या हातात दिली.

पुकेकोहेला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला सवाष्ण म्हणून सांगितलं होतं. नवमीला सकाळी तिचा फोन आला. "अगं सॉरी, पिल्लाला हीप्स ऑफ सर्दी झालीये, रात्रभर झोपलं नाहीये. नेक्स्ट वीक चालेल का?" नवमी पुढच्या आठवड्यात कशी चालेल? मी फोनवरच चिडले. स्वयंपाक तर सगळा झाला होता. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"तू बस," ती म्हणाली.

"मी कशी बसू? घरचीच?"

"सवाष्ण आहेस ना? मग बस."

जेवणाच्या टेबलाच्या बाजूला जमिनीवर चटई टाकली. पाट नव्हता. कुंकू तुझं तूच लाव, मी कशी लावू, असं आई म्हणत होती. मी कपाळ पुढे केलं आणि हटूनच बसले. शेवटी तिने लावलं. मुलगी दारात उभी राहून बघत होती, फोन खाली ठेवून.

आईने वाढलं. वरण, भात, भाजी, आणि शेवटी घारगे, वर तूप. मी जेवले. पाठीमागे कोणी उभं आहे असं त्या दिवशी वाटलं नाही, कारण ती जागा बहुतेक मीच घेतली होती. शेवटचा घास झाल्यावर आई गुडघ्यांवर हात टेकत माझ्यासमोर खाली बसली. थकलेला, सुरकुतलेला चेहरा, आणि डोळ्यांत तीच जुनी भीती.

"पोट भरलं ना तुमचं?" तिने मला विचारलं. मला, अहो-जाहो करून. "काही राहिलं नाही ना?"

ती माझ्याशी बोलत नव्हती हे मला कळत होतं, आणि उत्तर देऊ शकेल अशी या घरात मी एकटीच होते हेही कळत होतं. मावशीसारखं हसून उडवून लावता येणार नव्हतं.

"काही राहिलं नाही," मी म्हटलं. "तू हयगय केली नाहीस. माझ्या लेकीचं सगळं केलंस. आता ती तुझीच."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग पदराने नाक पुसलं, टेबलाचा आधार घेऊन उठली, आणि तिची नजर ओट्यावर गेली. तिथे मी सांडलेलं पीठ होतं, तेलाचे डाग होते, भोपळ्याची सालं तशीच पडलेली होती.

"हा काय उकिरडा करून ठेवलायस?" ती केवढ्यांदा तरी ओरडली. "घोडी झालीस एवढी, पण काडीची शिस्त नाही! ऊठ आधी, आवर ते!"

माझी मुलगी दचकून म्हणाली, "आजी, चिल!"

मी उठले. खरकटा हात तसाच घेऊन, रडत रडत, ओटा आवरायला लागले.